झाकली मूठ सव्वा लाखाची नसते, साहेब!

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा. ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे त्यांनी तर वाचाच.

ही पोस्ट खरं तर लष्कराच्या जनसंपर्क खात्यातल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. दिल्लीत, पुण्यात, मुंबईत बसून जे प्रेसनोट काढतात, पत्रकार परिषदा ठरवतात, ‘एक्स’वर दोन ओळी टाकतात, त्यांच्यासाठी. त्यांना सल्ला देणारा मी कोण? तालुक्याच्या गावचा पत्रकार. पत्रकारितेचा डिप्लोमा, वीसेक वर्षांची वार्ताहरकी, एक मोटारसायकल आणि एक मोबाईल. पण साहेब, तुमची प्रेसनोट दिल्लीत जन्माला येते आणि तिचा खरा निकाल लागतो तो आमच्याकडं. किन्हईत, कुमठ्यात, पिंपोड्यात, वाठार स्टेशनात, रहिमतपुरात. त्यामुळं चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

सातारा जिल्हा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. अपशिंगे गावाच्या नावापुढंच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्याचं स्मारक गावात उभं आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात सुरू झालं. आमच्या कोरेगाव तालुक्यात फौजेतला माणूस शोधत फिरावं लागत नाही, एसटीत शेजारी बसलेला निघतो. अशा मुलखात सीमेवर काही खट्ट झालं की पहिल्या मिनिटाला प्रश्न एकच असतो : आपल्यातलं कोण तिथं आहे?

आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या वेळी कुणीही नसतं. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

बातमी गावात कशी पोचते ते सांगतो. आधी टीव्हीवर लाल पट्टी : अमुक सेक्टरमध्ये चकमक, जवान जखमी. मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकतो, ‘सातारा जिल्ह्यातला जवान असल्याचं समजतं’. कुठून समजतं, कुणालाच ठाऊक नसतं. मग तालुक्याचं नाव लागतं, मग गावाचं. तासाभरात गणवेशातला फोटो, फुलं आणि दिवा लावलेला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून फिरायला लागतो. पत्रकार तहसील कार्यालयाला फोन लावतो, त्यांना माहिती नसते. पोलीस ठाण्याला लावतो, त्यांना माहिती नसते. जिल्ह्याला लावतो, ते म्हणतात युनिटकडून अधिकृत काही आलेलं नाही. लष्कराच्या माणसाला लावावा तर नंबर नसतो. असला तरी उचलला जात नाही. उचललाच तर उत्तर ठरलेलं : ‘नो कॉमेंट्स’.

तेवढ्या वेळात त्या घरासमोर गर्दी जमलेली असते. आणि त्या घरातल्या माऊलीला अजून कुणी काही सांगितलेलं नसतं. दारात येणाऱ्या लोकांच्या तोंडाकडं बघून तिनं ओळखायचं.

साहेब, या प्रकाराला तुम्ही ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ म्हणता. मी याला हलगर्जीपणा म्हणतो.

आता कुणीतरी म्हणेलच, की पत्रकारांना माहिती दिली की ते वाट लावतात, २६/११ विसरलात का? अजिबात विसरलो नाही. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरताना अख्ख्या जगानं थेट पाहिलं आणि जगात पाकिस्तानात बसलेले त्यांचे आकाही होते. कसाबच्या खटल्यात ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना त्यावरून खरमरीत सुनावलं आणि ते बरोबरच होतं. पुढं २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळानं जेवढं सांगेल तेवढंच दाखवायचं. पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला केंद्रानं हाच नियम पुन्हा सगळ्यांना बजावला, त्यात कारगिल, कंदाहार आणि २६/११ ची आठवण करून दिली.

हे सगळं मान्य. शंभर टक्के मान्य. पण तो नियम नीट वाचा. त्याचे दोन भाग आहेत. पहिला : पत्रकारांनी थेट दाखवू नये. दुसरा : अधिकाऱ्यानं ठरावीक वेळानं सांगावं. पहिला भाग आमच्यावर बंधनकारक म्हणून तुम्ही मिरवता. दुसरा भाग तुमच्यावर आहे, त्याचं काय?

चालू असलेल्या कारवाईची माहिती आणि घडून गेलेल्या घटनेची माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुकडी कुठून निघाली, कुठं लपली, कोणतं हत्यार कुठं ठेवलं, हे आम्हाला नको. विचारणारा पत्रकार असला तर त्याला हाकलून द्या. पण काय घडलं, आपले किती गेले, घरी कळवलं का, पुढची माहिती किती वाजता मिळणार, हे सांगितल्यानं शत्रूचा कोणता फायदा होतो? शत्रूला ते आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त आपल्या लोकांना.

उदाहरणं देतो, दोन्ही बाजूंची.

१९९९. कारगिल. तेव्हा दिल्लीत रोजच्या रोज सेना, हवाई दल आणि परराष्ट्र खातं एकत्र बसून माहिती द्यायचं. सेनेच्या बाजूनं बोलणारे कर्नल बिक्रम सिंग पुढं सरसेनापती झाले. युद्ध चालू असताना, माणसं रोज पडत असताना हे चाललं होतं. त्यानं कारगिल हरलो का आपण? उलट देश एकवटला, कारण रोज संध्याकाळी खरं काय ते कळत होतं.

जून २०२०. गलवान. १६ तारखेला दिवसा सांगितलं, एक अधिकारी आणि दोन जवान गेले. रात्री सांगितलं, जखमी झालेले आणखी १७ गेले, एकूण २०. ऐकताना काळीज फाटलं. पण सांगितलं. चीननं काय केलं? आठ महिने गप्प बसला आणि १९ फेब्रुवारी २०२१ ला म्हणाला, आमचे चार गेले. जगात कुणी विश्वास ठेवला? आपला आकडा मोठा होता, पण आपल्या शब्दाला किंमत राहिली. लष्करी जनसंपर्क शिकवणाऱ्यांनी हा धडा पहिल्याच दिवशी शिकवायला पाहिजे.

आता दुसरी बाजू. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे कधी सांगितलं? ४ ऑक्टोबर २०१९ ला. सात महिन्यांनी. मधल्या काळात लोकसभेची निवडणूकसुद्धा होऊन गेली. सांगितलं हे चांगलंच केलं, अनेक देशांची सैन्यं तेवढंही सांगत नाहीत. पण त्या सात महिन्यांत त्या घरांनी किती अफवा, किती तर्क, किती ‘सूत्रांची माहिती’ सोसली असेल?

आणि मे २०२५, ऑपरेशन सिंदूर. पहिल्या सकाळी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी जी माहिती दिली ती कशी होती? शांत आवाज, नकाशे, ठिकाणांची नावं, एक शब्द इकडं नाही, एक तिकडं नाही. अभिमान वाटला. अगदी तसंच पाहिजे. पण पुढची माहिती येईपर्यंतच्या रिकाम्या तासांत काय झालं? ८ मेच्या रात्री वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं, इस्लामाबाद घेतलं, काय काय केलं! स्टुडिओत भोंगे वाजत होते. शेवटी १० मेला नागरी संरक्षण खात्याला सांगावं लागलं की हवाई हल्ल्याचे भोंगे कार्यक्रमात वाजवू नका, लोकांना खरा भोंगा ओळखू यायचा नाही. ज्या घरातलं पोरगं जम्मूला किंवा पठाणकोटला आहे त्या घरात रात्रभर तो भोंगा वाजला. त्या आईबापानं झोपायचं कसं, हा विचार ना वाहिन्यांनी केला, ना ती रात्र मोकळी सोडणाऱ्यांनी.

विमानांबद्दलही तेच. ११ मेला एअर मार्शल भारतींना विचारलं, आपलं नुकसान किती? ते म्हणाले, लढाईत नुकसान होतंच, आपण अजून लढाईच्या स्थितीत आहोत, तपशील सांगणार नाही, आपले सगळे वैमानिक परत आलेत. मला हे उत्तर पटलं. न सांगण्याचं कारण सांगितलं, आणि जे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे माणसं, ते सांगितलं. पण विमानं पडली हे सरसंरक्षणप्रमुखांनी नंतर कबूल केलं ते कुठं? ३१ मेला, सिंगापुरात, परदेशी वाहिनीच्या मुलाखतीत. शस्त्रसंधीला तीन आठवडे होऊन गेले होते. घरातली गोष्ट घरच्यांना शेजाऱ्याच्या ओट्यावरून कळावी, तशी गत झाली. तेच वाक्य दिल्लीत, आपल्या लोकांसमोर बोलले असते तर काय बिघडलं असतं?

आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हण गरिबाच्या अब्रूसाठी आहे, साहेब. जगातल्या मोठ्या सैन्यांपैकी एक असलेल्या सैन्यासाठी नाही. तुमची मूठ उघडली तरी सव्वा लाखाचीच आहे. झाकून ठेवली की लोक म्हणतात आत काही नसेल, आणि मग बाजारात ज्याच्या त्याच्या मुठी विकायला येतात.

नुसतं भांडून उपयोग नाही. काय करावं तेही सांगतो.

एक. पहिला तास रिकामा सोडू नका. सगळं कळेपर्यंत थांबायचं, ही जुनी रीत झाली. तीन वाक्यं पुरेत : एवढं घडलंय, एवढं तपासतोय, पुढची माहिती अमुक वाजता देतो. आणि त्या वाजता खरंच द्या, नवीन काही नसलं तरी ‘नवीन काही नाही’ एवढं तरी सांगा.

दोन. आधी घर, मग कॅमेरा. अमेरिकेच्या सैन्यात कुटुंबाला कळवल्यावर चोवीस तास नाव जाहीर करत नाहीत. आपल्याकडंही आधी घर हीच रीत आहे, पण गावात ती रोज मोडते, कारण घरी कळवलं की नाही हे कुणालाच माहिती नसतं. त्यासाठी साधा उपाय आहे. घरी माणूस पोचला की जिल्ह्याला एक निरोप : ‘कुटुंबास कळवले.’ बस. तो निरोप येईपर्यंत नाव छापायचं नाही, हा शब्द आमच्याकडून घ्या. निरोपच नसेल तर शब्द पाळायचा कुणासाठी?

तीन. तालुक्याला ओळखा. संरक्षण खातं पत्रकारांसाठी खास अभ्यासक्रम चालवतं, चांगला आहे म्हणतात. त्यात जातात ते बहुतेक मोठ्या दैनिकांचे आणि वाहिन्यांचे. पण अंत्यसंस्काराच्या दिवशी गावात उभा असतो तो तालुका प्रतिनिधी, ज्याला मेजर आणि मेजर जनरल यातला फरक कुणी सांगितलेला नसतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, जिल्हा माहिती कार्यालय आहे, पुण्यात सदर्न कमांड आहे. तिघांनी मिळून वर्षातून एक दिवस साताऱ्यात कार्यशाळा घ्यावी. हॉल आम्ही बघतो, चहा आम्ही पाजतो.

चार. मराठीत बोला. ‘सैनिक समाचार’ हे तुमचंच नियतकालिक, १९०९ साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं, मराठीतही निघतं. पीआयबीवर मराठी मजकूर येतो, तेही मान्य. पण गरजेच्या तासाला येतं ते इंग्रजीत, चार अक्षरी लघुरूपांनी भरलेलं. त्याचं भाषांतर कुणीतरी घाईत मोबाईलवर करतो आणि ‘कॅज्युअल्टी’चा सरळ ‘मृत्यू’ होतो. त्या शब्दात जखमीही धरतात. एका शब्दानं जिवंत माणूस मेला म्हणून छापून येतो.

पाच. आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. वर्गवारी स्पष्ट सांगा. गावात फौजेतला कुठलाही मृत्यू ‘शहीद’ म्हणूनच छापला जातो. ती लोकांची भावना आहे, तिचा मी आदर करतो. पण फौजेच्या कागदात तो शब्दच नाही, फेब्रुवारी २०२२ मध्ये सेनेनं तो वापरू नका असं आपल्याच कमांडना कळवलं होतं. कागदात असतं ते वेगळंच : लढाईत गेला, नोकरीमुळं गेला, की नोकरीशी संबंध नसलेल्या कारणानं गेला. यावर घरची पुढची सगळी वर्षं ठरतात. पहिल्या प्रकारात कुटुंबाची पेन्शन शेवटच्या पगाराएवढी, दुसऱ्यात ६० टक्के, तिसऱ्यात साधा दर ३० टक्के. आम्ही मथळा देतो ‘शहीद’, पुढारी भाषणात कोटीची आश्वासनं देतात आणि सहा महिन्यांनी ती बाई फाईल घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढते तेव्हा तिला सांगतात, तुमची केस त्यात बसत नाही. तिची फसवणूक कुणी केली? नियमानं नाही. कुणी वेळेवर समजावून सांगितलं नाही, त्यानं केली.

हे जमत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याचे अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये गेले. वारसाला काय मिळणार यावरून राजकारण पेटलं. तेव्हा सेनेनं लगेच आकडेवार जाहीर केलं : विमा ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, सेवानिधी, उरलेल्या काळाचा पगार, सगळं. अग्निपथ योजना बरी की वाईट, पेन्शन पाहिजे की नको, तो वाद वेगळा आणि तो चालूच राहणार. पण आकडे समोर आल्यामुळं निदान वाद खऱ्या आकड्यांवर झाला. मग टीव्हीवर गाजलेल्या प्रकरणात जे करता ते न गाजलेल्या प्रत्येक घरासाठी का नाही? एक पान, मराठीत, सहीशिक्क्यासह, पहिल्या आठवड्यात घरपोच. एवढंच.

सहा. चूक झाली तर तुम्हीच आधी सांगा. फौजेला चूक माफ करणारा समाज आहे हा. लपवलेली चूक मात्र तो विसरत नाही.

आता आपल्या बिरादरीला दोन शब्द, नाहीतर म्हणाल फौजेलाच झोडतोय. कुटुंबाला कळायच्या आत नाव टाकणाऱ्या पोर्टलवाल्यांनो, तुमचे हजार व्ह्यूज एका आईच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण विकून आलेले असतात. रडणाऱ्या लेकरासमोर माईक धरून ‘तुला काय वाटतं’ विचारणं याला पत्रकारिता म्हणत नाहीत. पोरगं कुठल्या पोस्टवर आहे, कुठल्या गाडीनं निघालं, हे ‘अभिमानाची बातमी’ म्हणून छापणं याला देशभक्ती म्हणत नाहीत. आणि अंत्यदर्शनाच्या रस्त्यावर स्वतःचे फोटो असलेले फ्लेक्स लावणाऱ्या पुढाऱ्यांनो, त्या दिवशी तरी एकच फोटो राहू द्या.

जवान स्वतः बोलू शकत नाही. २०२० मध्ये सेनेनं जवानांना फेसबुकसह ८९ ॲप मोबाईलमधून काढायला लावली. कारण योग्य असेल, हनी ट्रॅप आणि हेरगिरीची प्रकरणं खरी आहेत. पण याचा अर्थ असा, की जवानाच्या वतीनं बोलायचा मक्ता आता पूर्ण तुमच्याकडं आला. मक्ता घेतला की मालही द्यावा लागतो.

शेवटचं. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक सैनिक स्कूलचे विद्यार्थी, पॅरा कमांडो, आधीच सेना मेडल मिळवलेले. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात तुकडीच्या पुढं राहून लढताना गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सांगितलं मीही फौजेत जाणार, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. यात कुणाला एक शब्द फुगवायची गरज पडली का? पडली नाही, कारण सगळं खरं होतं. ज्या फौजेकडं अशी खरी माणसं आहेत तिला मौनाची भिंत आणि वाहिन्यांची आतषबाजी, दोन्ही लागत नाही. खरं, वेळेवर आणि समजेल अशा भाषेत सांगणारा एक माणूस लागतो. तो प्रत्येक जिल्ह्यात नेमा. साताऱ्यापासून सुरुवात करा, हा मान आमचा आहे.

माजी सैनिकांनी, वीरपत्नींनी, सैनिक कल्याणच्या मंडळींनी कॉमेंटमध्ये आपला अनुभव जरूर लिहावा. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण मुद्द्यावर भांडा. फौजेतल्या कुणाचं नाव, युनिट, ठिकाण मात्र कॉमेंटमध्ये टाकू नका, दिसलं की काढून टाकेन.